पिवळी धम्मक

मराठीत प्रत्येक रंगाला एक शेपूट असतं. पांढरा शुभ्र, काळा कुळकुळीत, लाल भडक, हिरवा गार. ही शेपटं दुसरीकडेही चालतात. चहा गार असतो, माणूस भडक असतो. पण धम्मक? धम्मक फक्त पिवळ्याला लागतं. आठवीत मी मराठीच्या सरांना विचारलं, "सर, धम्मक म्हणजे काय?" सर म्हणाले, "इकडे ये, सांगतो," आणि पाठीत एक धम्मकलाडू घातला. म्हणजे दोघांना लागतं, पिवळ्याला नि लाडवाला. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत मी सरांचा आवाज काढून पोरांना धम्मक शिकवत होतो. एकदा सर मागेच उभे होते, तेव्हा परत शिकलो.

हा शब्द मी अजून एकदा वापरला. फोनवर, माझ्या बाबांच्या आवाजात. त्यानंतर आठ दिवसांनी माझी ताई गेली. आणि तो फोन बाबांनीच घेतला होता असं आमच्या घरात सव्वा वर्ष सगळे धरून चालले होते. मी सोडून. आणि बाबा सोडून, पण ते मला बरंच नंतर कळलं.

आवाज काढायची खोड मला लहानपणापासून. शाळेचे शिपाई, एसटीचे कंडक्टर, हर्णेची आत्या. ही आत्या सुकी मासळी विकताना गिऱ्हाइकाला शिव्या घालते आणि त्याच दमात 'घे रे सोन्या' म्हणते, ते दोन्ही सूर मला जमतात. पण सगळ्यात पक्का आवाज बाबांचा. बाबांची टुरिस्ट गाडी. स्टेशनवरून माणसं घ्यायची, गणपतीपुळ्याला नेऊन सोडायची, परत आणायची. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा बाबांचा नियम, आणि गिऱ्हाईक सोडायचं नाही हाही त्यांचाच. म्हणून सुट्टीत मी बाजूच्या सीटवर. फोन वाजला की बाबा म्हणायचे, "घे. बोल माझ्यासारखा." मग मी घसा बसवायचो. "हां, बोला साहेब. होऊन जाईल. काळजी नको साहेब, होऊन जाईल." कोणीही काहीही विचारलं तरी बाबांचं उत्तर 'होऊन जाईल'. एकदा पुण्याच्या एक बाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "काका, फोनवर तुमचा आवाज जास्त छान येतो हो." बाबांनी गिअर टाकता टाकता मला कोपराने ढोसलं.

गाडी पांढरी, पण पाटी पिवळी. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. वर्गातली पोरं म्हणायची, "तुमची पिवळी गाडी." मी म्हणायचो, "डोळे गेले काय, पांढरी आहे." पण रत्नागिरीत गाडीचा रंग पाटीवरून ठरतो. रेशनकार्डाचंही तसंच. शेजारच्या काकू 'आमचं पिवळं आहे' हे कधी मान खाली घालून सांगायच्या, कधी मान वर करून. समोर कोण बसलंय त्यावर. आमचं केशरी. म्हणजे गरीब, पण सरकारला पटेल इतके नाही. आत्याचं पिवळं आणखी वेगळं. कुठल्याही लग्नात गेली की ती आधी बायकांचे गळे बघायची. "अंगावर पिवळं काय हाय गो तिच्या? नुसता दोरा." सोनं हा शब्द तोंडातून काढला तर चोर ऐकतो असं तिला वाटत असावं. आणि नववीत मी इतिहासाच्या पुस्तकाला पिवळा कागद चढवला, तर इतिहासाच्या सरांनी ते उचलून आधी आत बघितलं. "वर्गात पिवळं पुस्तक आणतोस?" मागची पोरं खो खो हसली. मला अर्थ दोन वर्षांनी कळला, तेव्हा एकटाच हसलो.

पण पिवळ्यातली खरी जाणकार म्हणजे ताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हंगामात ती आंब्याच्या पॅकिंगला जायची, आंबे निवडायला. मला सांगायची, "पिवळा झाला म्हणजे पिकला नाय. पावडर मारलेला एकसारखा पिवळा होतो, भिंतीला रंग दिल्यासारखा. आत दगड." ती रंगाकडे बघायचीच नाही, देठाला नाक लावायची नि बाजूला ठेवायची. मे महिनाभर तिच्या बोटांना चिकाचा वास यायचा. मी तिच्या जेवायच्या ताटालाही नाक लावून "हा पावडरचा" म्हणायचो, मग पाठीत बसायचा. हात जड होता तिचा.

तिला विसावं लागलं तेव्हापासून आई म्हणत होती, "एकदा हिचे हात पिवळे झाले की मी सुटले." पंचविसाव्या वर्षी ठरलं. मुलगा हेदवीकडचा, शांत, मिस्त्रीकाम करणारा. ताईला आवडला होता. मी त्याचाही आवाज काढून बघितला, पण तो इतकं कमी बोलायचा की काढायला काही सापडेना.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ताईला ताप आला. जेवण जाईना, सारखं मळमळायचं. सगळ्यांनी आपापलं कारण शोधलं. आई म्हणाली ऊन. बाबा म्हणाले दगदग. आत्या म्हणाली, "लग्नाचा ताप हाय तो. मला पण आलेला. नवरा बघितला नि वाढला." तरी बुधवारी बाबा तिला गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त घेतलं, तापाच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, रिपोर्ट आला की फोन करतो. कागदावर नंबर बाबांचा.

गुरुवारी हळद. आमच्याकडे नवऱ्याला आधी हळद लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद, नवरीला येते. ती हळद हेदवीहून जयगडच्या फेरीबोटीतून, पितळेच्या वाटीवर पान झाकून आली. मांडवात बायकांनी ताईला पाटावर बसवलं नि कपाळापासून पायाच्या नखांपर्यंत माखली. आत्याने तर डोळ्यांच्या कडांपर्यंत बोट नेलं. मी माइक हातात घेऊन होणाऱ्या सासूबाईंचा आवाज काढत होतो, ज्यांना मी फक्त दोनदा भेटलो होतो. मांडव हसत होता. ताईही हसत होती, पण पाटाला हात टेकून.

फोटोग्राफर दोनतीनदा कॅमेरा तपासून म्हणाला, "सेटिंग गंडलंय काय कळत नाय. हिचे डोळेपण पिवळे येतायत."

आत्या म्हणाली, "हळद गेली असेल डोळ्यात."

"असू दे. अल्बममध्ये पिवळं कमी करून देतो मी."

त्याने दिलं तसं. तो अल्बम आमच्याकडे आहे. त्यात ताईचे डोळे पांढरे शुभ्र आहेत.

संध्याकाळी मागच्या पडवीत ताई भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "बघ रे वायच माझ्याकडे. बरी दिसत्ये मी?" मी बघितलं. मग आत्याचा आवाज काढला, "गो बाय, पिवळी झालीस तू आता. तुझं काय खरं नाय." ती हसली. म्हणाली, "मेल्या, पोट दुखतंय, हसवू नको. गोळी आण."

मी गोळी आणली.

शुक्रवारी लग्न. मुहूर्त दुपारचा. बाबा सकाळी सातलाच हॉलवर गेले, आचाऱ्याचं सामान उतरवून घ्यायला. फोन घरी चार्जिंगला राहिला. नऊच्या सुमाराला तो वाजला. मांडवात स्पीकरवाला सामान काढण्याआधी शेवटचं एक गाणं वाजवत होता, आत बायका साड्यांच्या घड्या शोधत होत्या, माझ्या एका हातात नवरीची पेटी. मी फोन उचलला नि सवयीने घसा बसवला.

"हां, बोला साहेब."

"काका, दवाखान्यातून बोलतोय." कंपाउंडरचा आवाज. तोही मला येतो, नाकातला. "ताईंचा रिपोर्ट आलाय. डॉक्टर विचारतायत, पेशंट पिवळी दिसते काय?"

आता यावर कोण काय बोलणार? आदल्या दिवशी हळद लागलेली. माझ्यासमोर, दोन हातांवर, ताई आरशापुढे बसली होती. मी बाबांच्या आवाजात, बाबांसारखाच खाकरून हसलो.

"म्हणजे काय साहेब! पिवळी धम्मक! काल हळद झाली की."

तोही हसला. "तसं नाय हो काका. बरं, रिपोर्ट आजच घेऊन जा, डॉक्टरांना भेटा. आणि त्या तापाच्या गोळ्या..." पुढचं स्पीकरने खाल्लं.

"होऊन जाईल साहेब, होऊन जाईल. तुम्ही जेवायला या."

ठेवला. ताईने आरशातून विचारलं, "कोण रे?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक." का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. बाबांच्या आवाजात बोलून झालं की समोरचा गिऱ्हाईकच असायचा, एवढंच. मग पेटी गाडीत ठेवली, हार आणायला धावलो आणि तो फोन माझ्या डोक्यातून साफ गेला. विसरलो असंही म्हणवत नाही. विसरायला आधी लक्षात घ्यावं लागतं.

त्या दिवशी ताईने गोळ्यांवर लग्न उभं राहून काढलं. उपास होताच. अक्षता पडायच्या आधी एक गोळी मीच दिली, पाण्याच्या ग्लासासकट. सगळे म्हणत होते, पोरगी काय उजळली आहे. संध्याकाळी ती फेरीबोटीतून पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी हेदवीला हळद फेडली. न्हाणीत सासूबाईंनी तिला ऊन पाण्याने अंघोळ घातली, बेसन लावून घासली. हे त्यांनीच नंतर सांगितलं, सांगताना हात पुढे धरून दाखवत होत्या. पाणी आधी पिवळं गेलं, मग पांढरं गेलं, आणि पोरगी होती तशीच. त्यांना वाटलं हळद जुनी, पक्की बसली आहे. परत घासली. मग त्यांनी तिची पापणी खाली ओढून बघितली.

त्यांनी फोन केला, "हिला कावीळ हाय." बाबा म्हणाले, लगेच घेऊन येतो. पण त्यांच्या गावात काविळीची माळ देणारा एक म्हातारा होता. काड्यांची छोटी माळ डोक्यावर ठेवतात, ती आपोआप लांब होत गळ्यात उतरते, तसतशी कावीळ उतरते म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, नवी सून लगेच माहेरी पाठवली तर लोक काय म्हणतील, आम्ही बघतो. आई म्हणाली, माळेने माझ्या भावालापण गुण आला होता. बाबांनी गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली. माळ दोन दिवसांत छातीपर्यंत आली. भावोजींनी मला फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'उतरतेय'.

मंगळवारी पहाटे ताईने भावोजींना विचारलं, "तुम्ही कोण?" मग ते कोणाला न विचारता तिला रिक्षात घालून निघाले.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात तिला बघितलं तेव्हा मला पिवळा म्हणजे काय ते कळलं. मला वाटायचं हा उजेडाचा रंग आहे. तो तसा नव्हता. नखं, ओठांच्या कडा, हिरड्या. ती मला बघून म्हणाली, "पेट्या भरल्या काय?" आणि मग काहीच नाही.

डॉक्टरांनी विचारलं, आधी रक्त तपासलं होतं काय. बाबा धावत दवाखान्यात गेले, मागे आई, मागे मी. कंपाउंडरने खणातून पाकीट काढलं. आई म्हणाली, "हे कधी आलं?"

"शुक्रवारी सकाळी. मी फोन केला की." तो बाबांकडे वळला. "काका, तुम्हीच बोललात ना? कावीळ खूप वाढलेली, गोळ्या बंद करा सांगायला केलेला फोन. तुम्ही म्हणालात होऊन जाईल."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, एक पंख्याचा फेरा असेल. मी तोंड उघडलं. त्या तोंडातून मी अख्ख्या रत्नागिरीचे आवाज काढलेत, तेव्हा एक निघाला नाही.

बाबा म्हणाले, "हो. मीच बोललो. लग्नाच्या गडबडीत विसरलो."

ताईला कोल्हापूरला हलवलं. आंबा घाटात ती अँब्युलन्समध्ये, आम्ही मागे आमच्या गाडीत. शनिवारी दुपारी ती गेली. तिथल्या डॉक्टरांना बाबांनी विचारलं, "शुक्रवारी कळलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. लिव्हरला बाधणाऱ्या त्या गोळ्या थांबल्या असत्या, उपास झाला नसता. कदाचित." त्या 'कदाचित'वर आम्ही सव्वा वर्ष राहिलो.

तेराव्याला हेदवीची माणसं आली. सासूबाई रडत रडत सगळ्यांसमोर बोलल्या. "हळदीची पिवळी दिलीत की रोगाची, आम्ही कसं ओळखायचं? बापाला माहीत होतं. बापाने फोन घेतला नि पोरगी आमच्या गळ्यात मारून मोकळा झाला." भावोजींनी त्यांना गप्प केलं नाही. बाबा हात जोडून बसले होते. आई उठून आत गेली आणि त्या दिवसापासून बाबांशी बोलायची थांबली.

जे असेल ते माझ्यामार्फत. "तुझ्या बापाला सांग, भाकरी झाकून ठेवलीय." "बापाला विचार, गॅस संपलाय, आणणार कधी." बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. मी माझ्या साध्या आवाजात निरोप द्यायचो. बाबा मला म्हणायचे, "सांग, आणतो." होऊन जाईल हे त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. गिऱ्हाइकांनाही ते 'बघतो' म्हणायला लागले, आणि गिऱ्हाईक कमी झालं.

पावसाळ्यानंतर एका सकाळी आम्ही गाडी धूत होतो. पाटी पुसता पुसता मी सांगून टाकलं. "बाबा, तो फोन मी घेतला होता."

बाबा पाइप धरून उभे. "माहीत आहे."

"कसं?"

"फोन घरी, मी हॉलवर. मला माहीत नाय होय, मी कोणाशी बोललो नि नाय ते?"

"मग का म्हणालात?"

त्यांनी पाइप खाली टाकला, नळ बंद केला. "घे, बोल माझ्यासारखा, हे तुला शिकवलं कोणी?" फडकं पिळता पिळता म्हणाले, "आईला सांगू नको. माझ्याशी बोलत नाय ती, चालतंय. तुझ्याशी नाय बोलली तर तिला या घरात बोलायला कोण आहे?"

मी ऐकलं. ऐकणं सोयीचं होतं.

यंदा ताईचं वर्ष झालं आणि त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी आई बॅग भरायला लागली. चार साड्या, देवातली अन्नपूर्णा, ताईचा एक फोटो, अल्बममधला नव्हे, पॅकिंगच्या ओळखपत्रावरचा. मला म्हणाली, "दापोलीला मामाकडे जात्ये. परत यायची नाय. तुझ्या बापाला सांग, त्याचं तोंड बघून घास उतरत नाय माझ्या."

बाबा ओट्यावरच होते. ऐकत होते. आत आले नाहीत.

मी म्हटलं, "आई, फोन बाबांनी नाय घेतला. मी घेतला."

ती घडी घालतच राहिली. "बापाची बाजू घेऊ नको."

"मी घेतला. बाबांच्या आवाजात. ते हॉलवर होते."

हात थांबले. मग खाली बसली, बॅगेशेजारीच. "काय बोललास?"

मी सांगितलं, कंपाउंडरने असं विचारलं, मी असं म्हणालो.

"असं नाय. जसं बोललास तसं बोल."

"आई, नको."

"बोल म्हणत्ये ना. सगळं. तो काय बोलला, तू काय बोललास."

मी घसा बसवला. सव्वा वर्षात बसवला नव्हता, तरी लगेच बसला. आधी नाकातला कंपाउंडर, मग बाबा. हां, बोला साहेब. पिवळी धम्मक. खाकरून हसणंसुद्धा केलं, कारण ते गाळलं असतं तर तिला कळलं असतं. जेवायला या, इथपर्यंत सगळं. आई डोळे मिटून ऐकत होती. ओट्यावर बाबा उठून उभे राहिल्याचा आवाज आला.

आईने मला मारलं नाही. मला वाटलं होतं मारेल. बॅगेतला फोटो काढून तिने पदराने पुसला.

"उद्या हेदवीला जा," ती म्हणाली. "त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलंय यांना. तसंच चारचौघांत सांग. सासूबाईंना, जावयांना, शेजाऱ्यांना बोलावून सांग. मग त्या कंपाउंडरला."

बाबा दारात आले होते. म्हणाले, "मी सोडतो त्याला गाडीने."

आई उठली. सव्वा वर्षात पहिल्यांदा तिने बाबांकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली, आवाज घोगरा, न वापरलेला.

"तुम्ही नाय जायचं. तुम्ही बसा इथे. त्याला एसटीने जाऊ दे."